खरेदीखत कोणी लिहायचं? – क्वेकर मंडळी आणि अठ्ठ्याऐंशी वर्षांचा उशीर

यार्देन नदीच्या काठी जमलेल्या यहूद्यांना बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाने बजावलं होतं, ‘अब्राहाम आमचा बाप आहे’ असं मनातसुद्धा आणू नका. देव या धोंड्यांतूनही अब्राहामासाठी मुलं उत्पन्न करू शकतो. हे वचन मी लहानपणापासून ऐकते आहे. आमच्या मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, वर्धापनदिनी पहिल्या पिढीच्या गोष्टी सांगतात. गावाने वाळीत टाकलं, पाणवठा बंद केला, तरी त्यांनी विश्वास सोडला नाही. त्या गोष्टी ऐकून आजही माझा गळा दाटून येतो. पण त्या छळाचं आज आपण काय देणं लागतो, हे मात्र त्या दिवशी कोणी विचारत नाही.

हा प्रश्न मनात घोळत असताना मी अमेरिकेतल्या क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या मंडळीच्या इतिहासात शिरले. पूर्वजांनी प्राण देऊन मिळवलेला वारसा तोंडाने सांगणारी आणि हाताने नेमकं उलट करणारी एक मंडळी, तिला भानावर आणणारी तिचीच माणसं, आणि त्यात गेलेली अठ्ठ्याऐंशी वर्षं, असं हे प्रकरण आहे. ते नीट मांडून बघावंसं वाटलं.

वारसा कसला होता

१६५० च्या आसपास इंग्लंडमध्ये जॉर्ज फॉक्स आणि त्याच्या सोबत्यांनी ही चळवळ उभी केली. ते स्वतःला ‘फ्रेंड्स’, म्हणजे मित्र म्हणवत. क्वेकर हे लोकांनी ठेवलेलं नाव. प्रत्येक माणसाच्या अंतरात देवाचा प्रकाश आहे, एवढंच त्यांच्या शिकवणीचं मूळ. बाकी सगळं त्यातूनच आलं. पाळक नाही, वेदी नाही. सगळे शांत बसणार, आणि ज्याला आतून प्रेरणा होईल तो बोलणार, मग तो पुरुष असो की बाई. कुणापुढे टोपी काढायची नाही. त्या काळच्या इंग्रजीत आपल्यासारखंच ‘तू’ आणि ‘तुम्ही’ होतं. क्वेकर न्यायाधीशालाही ‘तू’ म्हणत. आपल्याकडे मामलेदाराला अरे-तुरे केलं तर काय होईल, हे डोळ्यांसमोर आणलं की त्यातलं धाडस कळतं. ते शपथ घेत नसत आणि हत्यार उचलत नसत.

याची किंमत त्यांनी भरली. हजारो जण तुरुंगात गेले, शेकडो तिथेच मेले. अमेरिकेत बोस्टनच्या प्युरिटन, म्हणजे कट्टर प्रोटेस्टंट, सरकारने १६५९ ते १६६१ या काळात चार क्वेकरांना फाशी दिलं. त्यांत मेरी डायर ही बाई होती. हद्दपार करूनही ती परत आली, म्हणून १६६० मध्ये तिला फासावर चढवलं. पुढे १६८१ मध्ये दुसऱ्या चार्ल्स राजाने विल्यम पेन या क्वेकराला पेन्सिल्वेनियाची सनद दिली. सद्सद्विवेकाच्या स्वातंत्र्यासाठी उभी राहिलेली वसाहत म्हणून तिचा लौकिक झाला.

आणि त्याच वसाहतीत क्वेकर गुलाम विकत घेत होते. खुद्द पेनकडे गुलाम होते.

इथे एक गोष्ट लपवून चालणार नाही. संस्थापकालाही हा कोपरा पुरता दिसला नव्हता. फॉक्स १६७१ मध्ये बार्बाडोसला गेला. उसाच्या मळ्यांतले गुलाम त्याने पाहिले, मळेवाल्या क्वेकरांना त्याने सांगितलं की त्यांना दयेने वागवा, देवाचं वचन शिकवा, काही वर्षांच्या सेवेनंतर मोकळं करा. पण गुलाम ठेवणं हेच पाप आहे, असं तो म्हणाला नाही. त्यामुळे ‘पूर्वजांकडे परत चला’ एवढी हाक या मंडळीला पुरणार नव्हती. पूर्वजांच्या शब्दांचा मान राखायचा, तर त्यांच्या वागणुकीच्या पुढे जावं लागणार होतं. ‘आमचे वाडवडील असंच करत होते’ हे वाक्य अशा वेळी फार लवकर हाताशी येतं, आणि ते खोटंही नसतं.

चार सह्यांचं पत्र

१६८८. फिलाडेल्फियाजवळच्या जर्मनटाउन या नव्या वस्तीत जर्मन आणि डच घरांची मंडळी जमत असे. त्यांतल्या चौघांनी एक निवेदन लिहिलं. फ्रान्सिस डॅनिएल पास्टोरियस हा त्यांतला शिकलेला वकील. बाकी तिघं गॅरेट हेंडरिक्स आणि ऑप डेन ग्राफ घराण्यातले डेरिक आणि अब्राहम. इंग्रजी त्यांची मातृभाषा नव्हती. भाषा ओबडधोबड आहे, पण विचार लखलखीत.

ते म्हणतात, समुद्रात परकं गलबत दिसलं की आपल्या काळजात धस्स होतं. तुर्क असतील, पकडून नेतील, गुलाम म्हणून विकतील. मग आपण करतो ते तुर्कांपेक्षा कुठे चांगलं आहे? युरोपात श्रद्धेसाठी माणसं छळली जातात, इथे काळ्या रंगासाठी छळली जातात. आणि लोकांनी आपल्याशी जसं वागावं असं वाटतं तसंच आपण त्यांच्याशी वागावं, या प्रभूच्या आज्ञेत वंश किंवा रंग पाहून सूट दिलेली नाही. या गुलामांना स्वातंत्र्यासाठी लढण्याचा तेवढाच हक्क नाही का, जेवढा तुम्हाला त्यांना गुलाम ठेवण्याचा आहे, असंही ते विचारतात. शस्त्र न उचलणाऱ्या पंथाच्या माणसांनी हा प्रश्न लिहिला आहे, हे लक्षात घेऊन तो पुन्हा वाचावा.

निवेदन आधी मासिक सभेत गेलं. सभेने नोंदवलं की विषय इतका गंभीर आहे की इथे त्यात हात घालणं योग्य वाटत नाही. त्रैमासिक सभेकडे पाठवावा. त्रैमासिक सभेनेही तेच म्हणून तो वर पाठवला. बर्लिंग्टनला भरलेल्या वार्षिक सभेने लिहिलं की या प्रश्नाचा संबंध इतर अनेक भागांशी आहे, म्हणून आम्ही ठाम निर्णय देणं उचित नाही, तूर्त थांबतो.

तिन्ही ठिकाणी एकानेही ‘हे चूक आहे’ असं लिहिलेलं नाही. हे मला सगळ्यांत जास्त लागतं. वाद झाला असता, कोणी पवित्र शास्त्रातली वचनं काढून गुलामगिरीची बाजू मांडली असती, तर निदान उत्तर देता आलं असतं. इथे सगळ्यांनी मान डोलावली, विषय गंभीर म्हणाले, आणि कागद वर सरकवला. मंडळीच्या कमिटीत बसलेल्या कुणालाही हा कागदाचा प्रवास ओळखीचा वाटेल.

असं का झालं? वार्षिक सभेतल्या पुढाऱ्यांत सधन व्यापारी आणि जमीनदार होते, आणि त्यांतल्या पुष्कळांकडे स्वतःचे गुलाम होते. दुसरं कारण अधिक खोल आहे. क्वेकर मतदान करत नाहीत. सगळ्यांना एका आत्म्याने एकच गोष्ट पटेपर्यंत वाट पाहायची, ही त्यांची रीत. रीत सुंदर आहे. तिच्यामुळे कुणाचा आवाज बहुमताखाली चिरडला जात नाही. पण ज्यांचा आवाज सभेत नव्हताच, त्या गुलामांच्या बाबतीत या रीतीचा अर्थ एवढाच झाला, की मालक तयार होईपर्यंत काही होणार नाही. मंडळीचा एक सद्गुणच तिच्या पापाला आडोसा देत राहिला.

१६९६ मध्ये वार्षिक सभेने आणखी गुलाम आणायला उत्तेजन देऊ नका, असा सल्ला दिला. सल्लाच तो, न ऐकणाऱ्याला कसलीच शिक्षा नव्हती. जर्मनटाउनचा कागद दप्तरात हरवला. १८४४ मध्ये तो सापडला, पुन्हा दिसेनासा झाला, आणि २००५ मध्ये फिलाडेल्फियातल्या त्यांच्याच जुन्या सभागृहात पुन्हा हाती लागला.

बेंजामिन ले

ले जेमतेम चार फूट उंचीचा, पाठीला कुबड असलेला माणूस. बार्बाडोसमध्ये दुकान चालवताना उपाशी गुलाम त्याने जवळून पाहिले आणि ते दृश्य त्याला पुन्हा कधी सोडून गेलं नाही. पेन्सिल्वेनियात आल्यावर तो गुहेसारख्या घरात राहायचा, स्वतःचं सूत स्वतः कातायचा. गुलामांच्या श्रमातून आलेलं काहीही वापरत नसे.

१७३७ मध्ये त्याने एक पुस्तक लिहिलं; ते बेंजामिन फ्रँकलिनने छापलं. त्यात गुलाम ठेवणाऱ्यांना त्याने सरळ धर्मत्यागी म्हटलं. नुसतं पापी म्हटलं असतं तर लोकांनी मान खाली घातली असती आणि घरी गेले असते. पापी तर आपण सगळेच. धर्मत्यागी म्हणजे ज्या नावाने तुम्ही ओळखले जाता, ते नाव तुमचं राहिलेलंच नाही. घाव तिथे बसला.

१७३८ च्या वार्षिक सभेत तो लांब झगा घालून आला. बोलता बोलता त्याने झगा टाकला. आत सैनिकाचा पोशाख, कमरेला तलवार, हातात पोखरलेलं पुस्तक, आणि पुस्तकाच्या पोकळीत लालभडक रसाने भरलेली पिशवी. भावाला गुलाम करणाऱ्याचं रक्त देव असंच सांडेल, असं म्हणून त्याने पुस्तकात तलवार खुपसली. रसाचे शिंतोडे जवळ बसलेल्यांच्या अंगावर उडाले. त्याला बाहेर नेलं, आणि त्याच वर्षी मंडळीने तो आपला नसल्याचं जाहीर केलं.

ले बरोबर होता, असं मला वाटतं. त्याची पद्धत चुकली, असं म्हणणाऱ्यांनी आधी जर्मनटाउनच्या चौघांची नम्र पद्धत आठवावी. पन्नास वर्षांत तिला कुठे उत्तर मिळालं होतं?

शिंप्याची लेखणी

जॉन वूलमन हा न्यू जर्सीचा. १७२० चा जन्म. माउंट हॉली गावात तो एका क्वेकर दुकानदाराकडे कामाला होता. विशीतच होता. एके दिवशी मालकाने त्याला सांगितलं, मी माझ्याकडची गुलाम बाई विकली आहे, गिऱ्हाईक बाहेर थांबलंय, खरेदीखत लिहून दे.

सगळं अचानक घडलं. एका जिवंत माणसाचं खरेदीखत लिहिताना त्याचं मन आक्रसलं. पण मालक आपला, पगार त्याचा, आणि विकत घेणाराही म्हातारा, आपल्याच मंडळीतला सज्जन. त्याने लिहिलं. लिहून झाल्यावर मात्र दोघांसमोर म्हणाला, गुलाम ठेवणं हे ख्रिस्ती धर्माशी विसंगत आहे असं मला वाटतं. त्याने दैनंदिनीत हेही कबूल केलंय की एवढं बोलल्याने मन थोडं हलकं झालं, पण मला त्या कामातून वगळा असं म्हणायला हवं होतं.

ही कबुली मला या प्रकरणाचं केंद्र वाटते. वूलमनची सुरुवात शौर्याने झालेली नाही. कागद लिहून देण्याने झाली आहे. त्या बाईचं नाव त्याने नोंदवलेलं नाही. ती कुठे गेली, किती जगली, काही माहीत नाही. पुढच्या वेळी एका तरुणाने असाच कागद लिहायला सांगितला, तेव्हा त्याने नकार दिला, सौम्यपणे. तो तरुणही म्हणाला की मलाही हे मनापासून आवडत नाही.

मग मृत्युपत्रं आली. वूलमनचं अक्षर चांगलं, व्यवहार चोख, म्हणून गावातले लोक त्याच्याकडून मृत्युपत्रं लिहून घेत. एकदा जबर मुका मार बसलेल्या शेजाऱ्याने त्याला रक्त काढायला बोलावलं. त्या काळी तो उपचार होता. ते झाल्यावर शेजाऱ्याने मृत्युपत्र लिहायला सांगितलं. कुठल्या मुलाला काय द्यायचं ते सांगताना घरातली तरुण गुलाम मुलगी कोणाला द्यायची, तेही सांगितलं. वूलमनने टिपण घेतलं. आजारी माणसाला दुखवायचं नव्हतं आणि मनाविरुद्धही जायचं नव्हतं. त्याने गुलाम मुलीचा भाग सोडून बाकी सगळं मृत्युपत्र लिहिलं, कागद शेजाऱ्याच्या बिछान्यापाशी नेला आणि सांगितलं, आपल्यासारख्याच माणसाला गुलाम ठेवणारा कागद माझ्या हातून लिहिला जाणार नाही. लिहिलं त्याचे पैसे नकोत. उरलेल्या भागातून मला वगळ. दोघं बराच वेळ गंभीरपणे बोलत राहिले. शेवटी शेजारी त्या मुलीला मोकळं करायला तयार झाला, आणि वूलमनने मृत्युपत्र पूर्ण केलं.

इथे निषेध नाही, व्याख्यान नाही. एका कागदावर एक जागा कोरी राहिली, एवढंच.

वूलमनने आपल्या आयुष्यातल्या अशा जागा एकेक करून शोधल्या. दुकान फार वाढू लागलं तेव्हा १७५६ मध्ये धंदा आवरता घेतला. शिवणकाम आणि सफरचंदाची बाग यावर भागवायचं ठरवलं. गुलामांच्या कष्टाची साखर सोडली. रंगवलेले कपडे सोडले, कारण रंग मळ झाकतो. दक्षिणेकडच्या प्रवासात गुलाम असलेल्या घरी उतरावं लागे; तिथली सेवा फुकट घेणं त्याला जड जाई. म्हणून १७५७ च्या प्रवासात निघताना तो यजमानांकडे पैसे देई आणि म्हणे, हे तुमच्या नोकरांना द्या. कधी थेट त्यांच्याच हाती ठेवी. आपल्याकडे पाहुण्याने जेवणाचे पैसे ठेवले तर यजमानाला काय वाटेल, ते सांगायला नको. वूलमनलाही ते अवघडच वाटायचं, पण तो ते करत राहिला.

त्याने कित्येक वर्षं अशी घरोघर फिरून, समोर बसून, नाव घेऊन बोलत काढली. १७५४ मध्ये त्याचं गुलामगिरीवरचं पहिलं पुस्तक मंडळीच्या संमतीने छापलं गेलं. लेला ती संमती कधी मिळाली नव्हती. मला वाटतं लेने कानठळ्या बसवल्या नसत्या, तर वूलमनचा हळू आवाज कुणी ऐकला नसता. पण हे माझं मत आहे.

१७५८ आणि पुढे

१७५५ च्या सुमारास सरहद्दीवर युद्ध पेटलं. पेन्सिल्वेनियाच्या कायदेमंडळात क्वेकर बहुसंख्य होते; युद्धाचा खर्च मंजूर करायचा की नाही, हा पेच पडला. १७५६ मध्ये अनेकांनी जागा सोडल्या. सत्ता गेली, आणि आपलं काय चुकलं, हा प्रश्न मंडळी स्वतःला विचारू लागली. जुनं निवेदन जिथे अडकलं होतं ते दार या अस्वस्थतेने किलकिलं झालं.

१७५८ च्या वार्षिक सभेत गुलामांचा विषय निघाला. काहींनी पुन्हा तेच सुचवलं, वाट पाहू, देव मार्ग दाखवील. तेव्हा वूलमन उठला. या खंडातल्या कितीतरी गुलामांवर जुलूम होतो आहे आणि त्यांचा आक्रोश परात्पराच्या कानी गेला आहे, असं तो म्हणाला. देवाने आपलं कर्तव्य आपल्याला उघड दाखवलं आहे. काही माणसांच्या खासगी फायद्याकडे पाहून, किंवा ज्या मैत्रीचा पाया पक्का नाही तिच्या भिडेने आपण ते टाळलं, तर देव भयंकर मार्गाने उत्तर देईल.

सभा हलली. गुलामांची खरेदी-विक्री करणाऱ्यांना मंडळीच्या कारभारात भाग घेता येणार नाही, असं ठरलं. आणि गुलाम असलेल्या घरी जाऊन बोलायला वूलमनसह पाच जण नेमले. ही बातमी म्हाताऱ्या लेच्या कानावर गेली तेव्हा, आता मी शांतपणे मरू शकतो, असं तो म्हणाल्याचं सांगतात. पुढच्याच वर्षी तो गेला.

पुढची अठरा वर्षं भराभर सांगता येतील, पण ती तशी गेली नाहीत. घरोघर भेटी, समजूत, रुसवे, पुन्हा भेटी. १७७४ मध्ये खरेदी-विक्री करणाऱ्यांचं सभासदत्व काढायचं ठरलं, आणि १७७६ मध्ये गुलाम मोकळे न करणाऱ्या प्रत्येकाचं. डेलावेअरचा वॉर्नर मिफ्लिन याने गुलाम तर सोडलेच, शिवाय त्यांच्या आजवरच्या कष्टांचं देणंही चुकवलं. वूलमनने यातलं काही पाहिलं नाही. १७७२ मध्ये तो इंग्लंडला गेला होता. तिथेही घोडागाडीची घोडी आणि पोरं मरेस्तोवर राबवतात म्हणून पायी फिरला, आणि यॉर्कमध्ये देवीच्या रोगाने वारला.

न सुटलेला बाक

इथे थांबलं तर प्रकरण गोड होईल, पण अपुरं राहील. गुलाम मोकळे झाले, तरी सभागृहात शेजारी बसायला आले नाहीत. काळ्या माणसांना सभासद करून घेताना क्वेकर मंडळ्या कचरत राहिल्या. एकोणिसाव्या शतकात फिलाडेल्फियातली शिक्षिका सेरा मॅप्स डग्लस लहानपणापासून आईबरोबर क्वेकर उपासनेला जायची. काळ्यांसाठी वेगळा बाक असायचा. त्यावर आपल्याशेजारी गोरं कुणी बसू नये म्हणून पहारा असायचा, हे तिने लिहून ठेवलं आहे. ज्यांच्या पूर्वजांनी न्यायाधीशापुढे टोपी काढली नाही, त्यांच्या सभागृहात तो बाक होता.

इकडचं काही

१८७३ मध्ये जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ लिहिली आणि ती अमेरिकेतल्या गुलामांना दास्यातून सोडवण्यासाठी निरपेक्षपणे झटलेल्या सदाचारी लोकांना अर्पण केली. आपल्या देशबांधवांनी तो कित्ता गिरवावा, अशी आशा त्यांनी तिथे व्यक्त केली आहे. त्या सदाचारी लोकांत जर्मनटाउनचे चौघं, कुबड्या ले आणि माउंट हॉलीचा शिंपी मी मनाने धरते. म्हणजे हा धागा पुण्यापर्यंत येऊन पोहोचलेलाच आहे.

आम्ही मराठी ख्रिस्ती ‘ख्रिस्तात यहूदी नाही, हेल्लेणी नाही, दास नाही, स्वतंत्र नाही’ हे वचन अभिमानाने म्हणतो. आमच्या पणजोबांनी ते वचन ऐकूनच गावकुसाबाहेरून पाऊल उचललं. आणि तरी पुष्कळ घरांत लग्नाची बोलणी निघाली की ‘ते मूळचे कोण?’ हे हळूच विचारलं जातं. गोव्यातल्या कित्येक चर्चांच्या कोंफ्रारियांत, म्हणजे उपासकांच्या बंधुसंघांत, तर कोणी कुठला झगा घालायचा, हे पिढ्यान्‌पिढ्या जातीवर ठरत आलं. याबद्दल सभेत ठराव मांडला तर कोणी विरोध करणार नाही. विषय गंभीर आहे, असंच सगळे म्हणतील.

गेल्या दिवाळीत दादाने त्याच्या मुलीचा बायोडेटा माझ्याकडे दिला. माझं मराठी बरं आहे, म्हणून घरातले असे कागद माझ्याकडेच येतात. जन्मतारीख, उंची, शिक्षण, नोकरी, मंडळीचं नाव. शेवटी ‘अपेक्षा’ या रकान्यात त्याने पेन्सिलने लिहून ठेवलं होतं: आपल्यातलाच ख्रिस्ती मुलगा. ‘आपल्यातलाच’ या शब्दाचा अर्थ आमच्या घरात लहान पोरालाही कळतो.

मी बाकीचा कागद सुवाच्य लिहिला. ती ओळ सोडली. संध्याकाळी जाऊन दादाच्या हातात दिला आणि म्हटलं, हे एवढं माझ्या हातून लिहिलं जाणार नाही, तू दुसऱ्या कुणाकडून लिहून घे. तो चिडला नाही. वहिनीने चहा आणला. आम्ही बराच वेळ वडिलांविषयी बोलत बसलो. कागद त्याने कपाटात ठेवला आहे. त्या ओळीची जागा अजून कोरी आहे.